कमरेला पिस्तूल, हातात कुत्र्याचा पट्टा

१२ मे, सोमवार

नाही, तू गप्प बस. आधी मी बोलणार. "हे काय लिखाण झालं?" असं तोंड करून माझ्याकडे बघायचं नाही. कोरं पान आहेस, कोऱ्या पानानं मतं देऊ नयेत! कादंबरी परत आली — मान्य. दुसरी सुरू केली नाही — तेही मान्य. पण मी गावी, मिशिगनच्या वरच्या टोकाला, लार्च हार्बरला परत आले म्हणजे हरले, हे तुला कुणी सांगितलं? आईनं? आईचं ऐकायला मी आहे की. तू मधे पडू नकोस.

मला नोकरी लागलीय. शेरिफच्या ऑफिसात, तळघरात, ९११ चे, म्हणजे तातडीच्या मदतीचे, फोन घ्यायची. फोन उचलायचा, काय झालंय ते विचारायचं, आणि रस्त्यावर गाडीत असलेल्या डेप्युटीला, म्हणजे शेरिफच्या पोलिसाला, वायरलेसवर सांगायचं. एवढंच काम. पण ऐक ना — मी एक वाक्य बोलते आणि एक माणूस गाडी वळवतो! कॉलेजात मी काय काय लिहिलं. उलटं वाचायच्या कविता, नुसत्या तळटीपांची कथा. एका वाक्यानं कुणी मानसुद्धा वळवली नाही.

आज पहिला फोन मी एकटीनं घेतला. एक बाई. शांत आवाज, मास्तरणीसारखा.

"रस्त्यावर एक माणूस आहे. त्याच्याकडे पिस्तूल आहे."

पत्ता घेतला, बटण दाबलं आणि वायरलेसवर ठोकून दिलं — पिस्तूल घेतलेला माणूस, लेक स्ट्रीट! शेजारच्या खुर्चीत लॉर्ना कांगस. ती माझी सीनियर, फोन घेता घेता मोजे विणते. तिनं विणकाम मांडीवर ठेवलं, माझं बोट बटणावरून उचललं, आणि स्वतः बोलली. "वेड, रेइनो आहे रे. कुत्रीला घेऊन दूध आणायला चाललाय."

तिकडून वेड पेल्टियर, गाडीतला डेप्युटी, म्हणाला, बरं, मग मी कॉफी संपवतो.

संपलं! आणि हे दोघं वेडच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागले.

१३ मे, मंगळवार

आज लॉर्नानं मला बसवून शिकवलं. जसंच्या तसं लिहून ठेवते, कारण कॉलेजात लिहिण्याबद्दल इतकं कामाचं कुणी काही सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, पिस्तूल कमरेला सगळ्यांना दिसेल असं लावून रस्त्यानं जाणं आपल्याकडे गुन्हा नाही. कुणी फोन केला म्हणून ते गुन्हा होत नाही. त्या माणसाला थांबवायचा, कागद मागायचा आपल्याला काही हक्क नाही. पण फोन करणारी बाईही वेडी नाही. तिला भीती वाटलीय, आणि भीती खरी असते. "दोघंही आपलीच माणसं. तू मधे बसलीयस. कुणाच्याही अंगावर ओरडायचं नाही."

मग तीन प्रश्न. पिस्तूल कुठे आहे? हात कुठे आहेत? तोंडानं काय चाललंय? पिस्तूल होल्स्टरमध्ये, हात कुत्र्याच्या पट्ट्यावर, तोंडानं शीळ — मग तो फिरायला निघालेला माणूस. पिस्तूल हातात, किंवा कुणाला शिव्या देतोय, धमकावतोय — मग गोष्ट वेगळी, मग गाडी पळवायची. आणि फोनवर असेल त्याला ते बघून सांगायला लावायचं. बघायला लागलं की माणूस थोडा निवतो.

मी विचारलं, काल माझं काय चुकलं? पिस्तूल होतंच की.

"होतं ना. पण तू पिस्तुलापासून सुरुवात केलीस. गाडीतल्या माणसाच्या कानात पहिला शब्द पिस्तूल पडला की त्याचा हात आपोआप स्वतःच्या कमरेला जातो. मग पुढचं तो ऐकत नाही. कुत्र्यापासून सुरुवात कर."

कुत्रा घेऊन चाललेला म्हातारा, कमरेला पिस्तूल, बंद होल्स्टरमध्ये. तेच सगळं. पण हा माणूस घरी पोचतो!

मी रात्री तीन वेळा मोठ्यानं म्हणून बघितलं. माझ्या खोलीखालच्या बेकरीवाल्याला वाटलं असेल, पोरगी बिघडली.

१६ मे, शुक्रवार

रेइनो तक्कला आज बेकरीत भेटला. तू त्याला ओळखत नाहीस, मी मात्र कळायला लागल्यापासून ओळखते. उंच, वाकलेला, मच्छीमाराची टोपी. सगळा जन्म लाकडाच्या गिरणीत गेला, करवतीच्या आवाजानं दोन्ही कान खाल्ले. आता ठार बहिरा. यंत्र लावायला सांगितलं की म्हणतो, ऐकण्यासारखं काय उरलंय! पिस्तूल तेव्हापासूनच. जंगलात लाकडं मोजायला एकटा जायचा, अस्वलं असायची. जंगल सुटलं, कमरेचं पिस्तूल राहिलं. माझे आजोबा मेले तोपर्यंत खिशात फूटपट्टी बाळगायचे, तसलं ते.

कुत्रीचं नाव पुल्ला — आमच्याकडच्या फिनिश लोकांच्या वेलदोड्याच्या गोड पावाचं नाव. तीच त्याचे कान. पुल्लानं मान वळवली की रेइनो वळतो.

गावातल्या प्रत्येक पोराला लहानपणी शिकवलेलं असतं : रेइनोच्या मागून जायचं नाही. पुढे जाऊन वळायचं, हात हलवायचा, मग बोलायचं. मीही आज तसंच केलं. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय गं टिल्डा, पुस्तक विकलं का?"

मी मान हलवली. नाही.

"बरं झालं. आता इथेच राहशील."

सगळे हसले. मीही हसले. चक्क बरं वाटलं!

२० मे, मंगळवार

आजचा फोन : हार्डवेअरच्या दुकानाबाहेर एक इसम, कमरेला शस्त्र. मी म्हटलं, कसं दिसतंय ते सांगाल का. पिवळं, म्हणाला. पिवळं? हो, पिवळं, आणि पुढे भोकं पाडायचा दांडा — हां — थँक यू, ठेवतो.

सुताराचा ड्रिल! लॉर्नाचे मोज्याचे टाके सुटले हसून.

२४ मे, शनिवार

खालच्या मिशिगनमधून तिघं पोरं आली. पाठीला लांब रायफली, छातीवर चालू कॅमेरे. त्यांना भांडणच हवं होतं. पोलीस अडवतील, हे कायदा सुनावतील, व्हिडिओ गाजेल. फोनवर फोन. तीन प्रश्न, सगळ्यांना. रायफली पाठीवर, हात कॅमेऱ्यावर, तोंडानं कायदा.

वेड गेला. काय केलं त्यानं? समोरच्या बाजूला गाडी लावली, बाहेर येऊन बॉनेटला टेकून पेस्टी खात बसला. मांस, बटाटा, कांदा भरलेली मोठी करंजीच ती. पोरं दबकत दबकत स्वतःच त्याच्यापाशी गेली आणि विचारलं, आम्हाला अटक करणार का? वेड म्हणाला, कशासाठी? मग, ओळखपत्र मागणार का? "नको. जेवलात का? कोपऱ्यावरची पेस्टी खा. केचप मागू नका, मालकीण हाकलून देते."

पोरांनी पेस्टी खाल्ली. व्हिडिओचं वाटोळं झालं!

मी वेडला विचारलं, राग नाही येत? तो म्हणाला, नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की रस्त्यावरचा दर दुसरा माणूस रायफल घेऊन असतो. तेव्हा एक फोन येत नाही, कारण सगळ्यांनी शिकाऱ्यांची केशरी जाकिटं घातलेली असतात. लोक बंदुकीला नाही भीत, पोरी. अनोळखी माणसाला भितात.

हे वाक्य त्यानं तोंडात बटाटा असताना म्हटलं. मी उगाच कॉलेजला गेले.

२९ मे, गुरुवार

मिसेस ऑर्डवेंचा फोन. त्या पहिल्या दिवशीच्या. गेल्या वर्षी शिकागोहून आल्या, लेक स्ट्रीटवर तळ्याकाठचं घर घेतलं, खिडकी बरोबर दुधाच्या दुकानासमोर. रेइनो दुधाला निघाला की त्यांचा फोन. रोज नाही, पण बहुतेक. आता आमचं ठरून गेलंय. त्या म्हणतात, रस्त्यावर एक माणूस आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे. मी विचारते, पिस्तूल कुठे. त्या सांगतात, होल्स्टरमध्ये, वरचं बटण लावलेलं. हात? एका हातात पट्टा, एका हातात पिशवी. तोंड? कुत्र्याशी बोलतोय. मग मी म्हणते, ठीक आहे, नोंद केली. मग त्या तळ्यावरचं धुकं कसं आहे ते सांगतात आणि ठेवतात.

आज मी धीर करून विचारलं, तो दूध आणतो हे तुम्हाला आता माहितीय, तरी फोन का करता?

त्या म्हणाल्या, "मी जन्मभर शाळेत शिकवलं. कुणी बंदूक घेऊन वर्गात शिरला तर म्हणून पोरांना बाकाखाली आडवं पडायला शिकवलं. दर महिन्याला. एक मुलगी माझा घोटा धरून पडायची. मला तुमचा कायदा कळतो गं. माझ्या घोट्याला कळत नाही."

मी म्हटलं, करत जा फोन. मी आहे.

लॉर्ना ऐकत होती. नंतर तिनं मला अर्धा पाव दिला, तोही कडेचा, साखर जास्त असलेला.

३ जून, मंगळवार

नवीन डेप्युटी आला. डेरिक हॉलिस. खालच्या मिशिगनमधून, मोठ्या शहराजवळून. माझ्याच वयाचा, इस्त्रीची घडी मोडत नाही असा. आल्या आल्या सगळ्यांना "मॅम" म्हणत सुटलाय, लॉर्नाला पण! ती म्हणाली, माझी आई वारली, ती होती मॅम.

मला एकदम सुचलं — हा कुणाच्याही मागून हाक मारेल. रेइनोच्या मागून हाक मारली आणि तो वळलाच नाही तर? कमरेला पिस्तूल, आणि हाकेला ओ देत नाही. डेरिकला काय वाटेल? आणि वाटल्यावर तो काय करेल?

वेडला विचारलं, रेइनोबद्दल डेरिकला सांगितलंय ना? तो म्हणाला, लॉर्नानं सांगितलं असेल. लॉर्नाला विचारलं. ती म्हणाली, अगं रेइनोबद्दल कुणाला सांगावं लागतं का?

ठीक आहे. उद्या मीच सांगीन.

८ जून, रविवार

काल आईकडे सौनाची गरम वाफ, मग तळ्यात उडी. पाणी इतकं गार की शिवी तोंडातच गोठली! वर येऊन आईशी न भांडता कॉफी प्याले. ती विचारते, लिहितेस का. मी म्हटलं, रोज. खोटं नाही ते.

डेरिक दोनदा भेटला. एकदा गाडीच्या चाकाबद्दल बोललो, एकदा त्याच्या घरभाड्याबद्दल. रेइनोचं राहिलं. तो दिवसपाळीला बुधवारपासून येणार आहे.

१२ जून, गुरुवार

सावकाश लिहिते. सगळं लिहिते.

सकाळपासून एक फोन नाही. आठ वाजले, नऊ वाजले, नाही. आम्ही खूश! लॉर्ना म्हणाली, एक तर देव सुट्टीवर गेलाय, नाहीतर आज सगळे शहाणे झालेत. मी एक गोष्ट सुरू केली, खरंच सुरू केली, फोनचे निरोप लिहायच्या कोऱ्या कागदांवर. इतकी सुखात होते की पाय हलवत होते.

रस्ता खणणाऱ्यांनी फोनची केबल तोडली होती. आमचे सगळे फोन आपोआप शेजारच्या कौंटीच्या, म्हणजे पलीकडच्या जिल्ह्याच्या, ९११ केंद्रावर जात होते. तसं व्हावं अशीच सोय आहे. आम्हाला मात्र कळलं उशिरा.

कळलं ते डेरिकच्या आवाजानं. वायरलेस चालूच होता. तो म्हणाला, लेक स्ट्रीटला पोचलोय, माणूस दिसतोय, पिस्तूल दिसतंय. लॉर्नानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. त्याला पाठवलं कुणी? आम्ही नाही! शेजारच्या केंद्रातल्या मुलीनं, त्याच्या गाडीतल्या कॉम्प्युटरवर निरोप टाकून. मी बटण दाबायला हात पुढे केला, तेवढ्यात तो परत बोलला — हाक मारली, वळत नाहीये. सांगितलेलं ऐकत नाहीये.

आणि मग त्यानं बटण सोडलंच नाही. भीतीनं मूठ आवळली गेली असणार. वायरलेसचं असं आहे — एकानं बटण दाबून धरलं की बाकी कुणाला बोलता येत नाही. आम्हाला सगळं ऐकू येत होतं. त्याला आमचं काही नाही. मी बटण दाबत होते, दाबत होते, "बहिरा आहे, डेरिक, बहिरा आहे" म्हणत होते, आणि माझा आवाज माझ्याच तळघरात राहत होता. वेड जंगलाच्या बाजूला होता, तिथून यायला वेळ लागणार. लॉर्ना डेरिकचा मोबाइल नंबर शोधत होती. तिचे हात इतके हळू कधी चालले नव्हते.

ऐकू काय आलं ते लिहिते. डेरिक ओरडतोय, थांबा. थांबा म्हटलं ना. हात दिसू देत. त्याचा श्वास. पावलं. मग एकदम वरच्या पट्टीत : "हात काढा तिथून! खिशातून हात काढा!"

मला माहीत होतं त्या खिशात काय आहे. होल्स्टरच्या अगदी खाली. दुकानातून बाहेर पडलं की रेइनो पुल्लाला देतो. सगळं गाव बघतं ते.

आणि मग एक बाई. मास्तरणीचा आवाज. धावल्यामुळे तुटलेला, पण मास्तरणीचाच.

"बिस्किट आहे ते. कुत्र्याचं बिस्किट. मी रोज बघते."

डेरिक म्हणतोय, मॅम, मागे व्हा. बाई म्हणतेय, नाही होणार. दरवाजा आपटल्यासारखा आवाज, कुत्री भुंकते. बाईचा आवाज आता जवळून येतोय, म्हणजे ती डेरिकच्या आणि रेइनोच्या मधे आलीय.

"त्याला ऐकू येत नाही, बाळा. तुझं काहीच ऐकू आलेलं नाही त्याला. बटण लावलेलं आहे बघ, ते वरचं. दिसतंय? बघ नीट. आता तुझं पिस्तूल खाली घे. हळू. असं. शाबास."

पिस्तूल परत आत गेल्याचा टक् आवाज.

मग रेइनोचा आवाज, मोठा, नेहमीसारखा : काय झालं? ही पुल्ला का भुंकतेय? हा पोरगा कोण?

बटण सुटलं. मी बोलले. कुत्रा, म्हातारा, बहिरा, रेइनो तक्कला — कुठल्या क्रमानं बोलले ते आठवत नाही. डेरिक म्हणाला, कळलं. आणि परत, कळलं. दुसऱ्यांदा म्हणताना आवाज फाटला.

लॉर्ना बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बसली.

१३ जून, शुक्रवार

कसं घडलं ते आज जुळलं. फोन मिसेस ऑर्डवेंचाच होता. नेहमीसारखंच म्हणाल्या, रस्त्यावर एक माणूस आहे, त्याच्याकडे पिस्तूल आहे. आणि वाट बघत थांबल्या. माझ्या प्रश्नांची! पलीकडच्या मुलीला काय माहीत. तिनं प्रश्न विचारलेच नाहीत, गाडी पाठवते म्हणाली आणि ठेवला. मिसेस ऑर्डवे फोन हातात धरून खिडकीशी उभ्या. मग गाडी आली, आणि त्यांना दिसलं आपण काय केलंय. चपलेशिवाय धावल्या.

त्या मुलीची चूक नाही. तिला जे माहीत हवं होतं ते आम्ही कधी लिहूनच ठेवलं नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये पत्त्यापुढे, रस्त्यापुढे टीप टाकायची जागा असते. लेक स्ट्रीटपुढे रिकामी! कारण सगळ्यांना माहीतच आहे. शेरिफ स्वतः खाली आले. ओरडले नाहीत. विचारलं, आणखी कोणकोण आहेत ज्यांच्याबद्दल आपल्याला "माहीतच आहे"? आम्ही सांगायला लागलो आणि नावं थांबेचनात.

वेड म्हणाला, रेइनोची टीप टिल्डानं लिहावी, तिचा हात लिहिता आहे. मी लिहिली. चौदा वेळा बदलली! शेवटी हे राहिलं :

"कुत्रा घेऊन चालणारा म्हातारा. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. समोरून जावं, हात हलवावा. कमरेला पिस्तूल असतं, कायद्याप्रमाणे. खिशात कुत्र्याची बिस्किटं."

शेजारच्या केंद्रालाही गेली. माझं छापून आलेलं पहिलं लिखाण, असं समज. मला आजवर कशाचा एवढा अभिमान वाटला नाही.

१७ जून, मंगळवार

डेरिक तीन दिवस तळघरात आमच्याशेजारी बसला, हेडफोन लावून, शेरिफच्या हुकमावरून. फोन कसे येतात ते ऐकायला. पहिल्या दिवशी नुसतं लिहून घेत राहिला. दुसऱ्या दिवशी लॉर्नानं त्याच्या हातात लोकर दिली आणि गुंडा करायला लावला. आज म्हणाला, मी गोळी झाडणार होतो. एवढंच. लॉर्ना म्हणाली, हो, आम्ही ऐकलं. मग म्हणाली, गुंडा सैल कर, आवळून धरू नकोस.

तो आता तिला लॉर्ना म्हणतो.

२१ जून, शनिवार

युहान्नुस, आमचा सगळ्यांत मोठ्या दिवसाचा सण! तळ्याकाठी मोठी होळी पेटवली, उजेड संपतच नाही. सगळं गाव. भाजलेले मासे, बिअर, कुणाचातरी अकॉर्डियन, तोही बेसूर.

मिसेस ऑर्डवे पहिल्यांदाच आल्या होत्या, पायाला पट्टी बांधून. रेइनो त्यांच्या शेजारच्या खुर्चीत. बोलणं काही नाही, तो ऐकू शकत नाही आणि त्यांना त्याचा मोठा आवाज सहन होत नाही. पुल्ला दोघांच्या मधे झोपलेली. एकदा बघितलं तर त्यांचा पंजा — हात म्हणायचंय मला — कुत्रीच्या पाठीवर होता, आणि होल्स्टरपासून वीतभर लांब.

डेरिक लांबून आला. पुढे जाऊन वळला. हात हलवला. कुणी शिकवलं नव्हतं त्याला, टीप वाचली होती! रेइनोनं बघितलं, त्याचा हात धरून शेजारी बसवलं आणि मासा दिला. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हाच का तो? बरा दिसतो की!"

वेडनं कागदावर लिहून रेइनोला सगळं समजावलंय — नवीन पोराला माहीत नव्हतं, आता तुमचं नाव कॉम्प्युटरमध्ये घातलंय, पुन्हा असं होणार नाही. रेइनोनं तो कागद दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

मी वाळूत बसले होते. गोष्ट आठवत होती, ती त्या दिवशी सुरू केलेली. पुढचं वाक्य आपोआप आलं. मी इथे राहणार आहे. ऐकलंस? आईला सांगायची गरज नाही, तिला कळलंय.

२४ जून, मंगळवार

सकाळी ९११ वर फोन. मी उचलला, नेहमीचं बोलायला तोंड उघडलं, तर पलीकडून मोठा आवाज सुरूच झाला होता.

"रेइनो तक्कला बोलतोय. मला तुमचं ऐकू येणार नाही, तेव्हा मीच सांगतो. नाव कॉम्प्युटरमध्ये घातलंय ना, म्हणून कळवतोय. मी आता घरातून निघतोय. दुकानात जाऊन येतो. पिस्तूल लावलंय, पण नको असेल तर उद्यापासून ठेवून देईन. निळा शर्ट आहे. परत आलो की कळवतो."

मी म्हणतेय, रेइनो, तुम्हाला विचारायची गरज नाही, कुणालाच विचारायची गरज नाही — आणि त्यानं फोन ठेवला.